सण साधा करू, वडिलांजवळ जास्त बसू



दिवाळी महिन्यावर आली. आता कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलं की एकच विषय निघतो, कुणाला किती कर्ज पाहिजे. मागच्या आठवड्यात एका गावात बैठकीला बसले होते. दहा जणींपैकी सहा जणींनी कर्जाचं कारण सांगितलं, "सणासाठी." सचिव ताई नोंद करता करता हसून म्हणाल्या, "मॅडम, दिवाळी वर्षातून एकदा येते, पण हप्ता वर्षभर येतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून या महिन्याचा पाठ लेख्यांचा किंवा बँक जोडणीचा नाही. या वेळी आपण सण आणि घरातलं म्हातारं माणूस, विशेष करून आपले वडील, याबद्दल बोलू. सुरुवात माझ्यापासून करते, कारण यात पहिली चूक माझीच झाली आहे.

माझी चूक

माझं गाव बीड जिल्ह्यात, डोंगराच्या कडेला. अण्णांनी आणि आईनं आयुष्यभर ऊस तोडला. दसरा झाला की कोयता घेऊन निघायचं, पाडव्याच्या सुमारास परत यायचं. त्या कोयत्यावरच माझं शिक्षण झालं. आता अण्णांची कंबर गेली म्हणून ते घरी असतात. दादा आणि वहिनी फडावर जातात आणि त्यांची दोन लेकरं अण्णा-आईजवळ राहतात. मी नोकरीमुळं दुसऱ्या तालुक्यात खोली करून राहते.

गेल्या दिवाळीत आपल्या प्रभागाचा फराळ विक्रीचा स्टॉल होता. चकली, शेव, अनारसे, सगळ्याची धावपळ. मी घरी पोचले ती भाऊबीजेच्या संध्याकाळी, शेवटच्या एसटीनं. अण्णांसाठी नवा सदरा नेला, मिठाईचा डबा नेला आणि एक नवा मोबाईल नेला. मनात म्हटलं, वेळ देता येत नाही तर निदान वस्तू तरी चांगली द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघाले. अण्णा काठी टेकत फाट्यापर्यंत आले. म्हणाले, "माय, तू आली कवा अन् चालली कवा, कळलंच नाही."

गाडीत बसल्यावर थोडं वाईट वाटलं. मग कामाचे फोन सुरू झाले आणि मी विसरून गेले. मोबाईल दिला होता, पण अण्णांचा फोन काही आला नाही. मीच लावायची तर उचलायचे नाहीत. मला राग यायचा. एवढे पैसे घालून घेतला आणि ह्यांना वापरायचा नाही.

संक्रांतीला दोन दिवस सुट्टी मिळाली. भोगीच्या दिवशी सकाळीच घरी गेले. आईनं भोगीच्या भाजीची तयारी काढली होती. ओला हरभरा, वालाच्या शेंगा, गाजर, वांगी. मी आणि अण्णा ओसरीवर बसून शेंगा सोलायला लागलो. काही विशेष बोलत नव्हतो. थोड्या वेळानं बघते तर अण्णा टरफलं दाण्यांच्या ताटात टाकत होते आणि दाणे टरफलांच्या ढिगात. मी आधी हसले. म्हटलं, "अण्णा, लक्ष कुठंय तुमचं?" ते काही बोलले नाहीत. हातानं चाचपून दाणे वेचायला लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांना दिसत नव्हतं.

विचारल्यावर म्हणाले, "दिसतंय गं, थोडं धुरकट दिसतंय. तुला कामं असत्यात, म्हणून नाही बोललो." आई म्हणाली, "मला वाटलं वयामुळं असंल." मग मोबाईलचं कोडं सुटलं. तो अण्णांनी डब्यातच नीट गुंडाळून ठेवला होता. त्यांना त्यावरचे आकडेच दिसत नव्हते.

मैत्रिणींनो, समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला गृहभेट कशी करायची ते शिकवतात. घाई करायची नाही, बसायचं, बघायचं, ऐकायचं. मी तुमच्या घरी तशा कितीतरी भेटी दिल्या. पण माझ्या स्वतःच्या घरी दोन वर्षांत एकदाही तशी बसले नव्हते. येत होते, पिशव्या ठेवत होते आणि जात होते.

पुढं अण्णांची तपासणी केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. सरकारी रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. एका डोळ्याची झाली. गुढीपाडव्याला त्यांनी स्वतः गुढी बांधली, कडुलिंबाचा डहाळा लावला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "किती वाळली गं तू!" त्यांनी माझं तोंड नीट बघितलं त्याला किती दिवस झाले असतील, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

रिकाम्या हातानं कसं जायचं?

हा अनुभव मी एका गटाच्या बैठकीत सांगितला आणि प्रश्न विचारला, "वडिलांसोबतचा कुठला सण तुम्हाला आठवतो?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक ताई बोलायला लागल्या.

त्या म्हणाल्या, "मी पाच वर्षं दिवाळीला माहेरी गेले नाही. भांडण नव्हतं. पण भावाच्या लेकरांना कपडे, वहिनीला साडी, काही न्यावं लागतं. रिकाम्या हातानं कसं जायचं? दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ, हातात पैसे आल्यावर. सहाव्या वर्षी दिवाळीच्या आधी दोन महिने बाप गेला. मातीला गेले तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, भाऊबीजेला प्रत्येक एसटीला तो फाट्यावर येऊन बसायचा."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. बैठकीतल्या बऱ्याच जणींनी डोळ्याला पदर लावला.

बचतीचा हप्ता थकला तर दंड भरून पुढच्या बैठकीत भरता येतो. वडिलांजवळ बसण्याचा वेळ थकला तर तो भरायला पुढची बैठक असेलच असं नाही. या पाठातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आपण सणाला मोठं करतो, त्याचा खर्च वाढवतो आणि मग त्या खर्चाच्या भीतीनं किंवा लाजेनं माणसाकडंच जात नाही.

थोडा हिशोब करू

आपल्या बऱ्याच गटांत अंतर्गत कर्जाचा दर महिना शेकडा दोन आहे. समजा सणासाठी १०,००० रुपये घेतले आणि दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल असं दहा महिन्यांत फेडले. पहिल्या महिन्याचं व्याज २००, दुसऱ्याचं १८०, असं उतरत शेवटच्या महिन्याचं २०. एकूण व्याज होतं १,१०० रुपये. तेच पैसे बाहेरून शेकडा पाचनं घेतले तर तशाच परतफेडीत व्याज होतं २,७५० रुपये. म्हणजे लाडू-चिवडा संपून दहा महिने झाले तरी आपण त्याचे पैसे भरत असतो.

सणासाठी कर्ज घेऊच नका, असं मी म्हणत नाही. लेकरांना नवे कपडे घ्यावेसे वाटतात, त्यात गैर काही नाही. पण कर्जाची मागणी करण्याआधी एक काम करा. कागदावर दोन रकाने करा. एका बाजूला लिहा "लोक काय म्हणतील म्हणून", दुसऱ्या बाजूला "घरच्यांना आनंद होईल म्हणून". प्रत्येक खर्च कुठल्या रकान्यात जातो ते बघा. ज्या गटात आम्ही हे केलं, तिथं दोघींनी स्वतःहून मागणी कमी केली.

बेसन, तेल, गूळ, पोहे गटानं मिळून घाऊक आणले तर स्वस्त पडतात. फराळही चौघींनी मिळून केला तर सरपण वाचतं आणि गप्पाही होतात. माहेरी नेण्यासाठी त्यातलाच एक डबा पुरे. आणि प्रवासाचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीचं तिकीट महिलांना अर्धं आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धं आहे आणि ७५ वर्षांवरील व्यक्तींना मोफत आहे. आपल्याला जाणं जमत नसेल तर वडिलांना आपल्याकडं आणता येतं. लेकीच्या घरी राहायचं नाही, असं जुनी माणसं म्हणतात. पण एकदा मनापासून म्हणून बघा, "अण्णा, चार दिवस या. लेकरांना गोष्टी सांगा."

ओवाळणं वडिलांचंही

दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि बऱ्याच घरांत लेक बापालाही ओवाळते. लग्न झालं की पाडवा सासरी जातो आणि बापाचं ओवाळणं राहून जातं. भाऊबीजेला माहेरी गेलो की भावाला ओवाळतो आणि वडील बाजेवर बसून बघत राहतात. या वर्षी भावाआधी एक पाट वडिलांसाठी मांडा. सुपारी, तेलाचं निरांजन, कुंकू, अक्षता. याला एक रुपयाही जास्त लागत नाही. ओवाळणी म्हणून त्यांनी सुपारी टाकली तरी चालेल. ज्यांना भाऊ नाही, त्यांचीही भाऊबीज मग सुनी जाणार नाही.

ज्या घरातली माणसं ऊसतोडीला जातात, त्यांची दिवाळी बऱ्याचदा कोपीवरच होते. तिथीची पूजा तिथीला होईल. पण टोळी निघायच्या आदल्या दिवशी सगळे घरात असतात. त्या रात्री चार पणत्या लावा, गोड काहीतरी करा, म्हाताऱ्यांना ओवाळा आणि मग निघा. आमच्या घरी या वर्षी दादा निघायच्या आधी आम्ही हेच ठरवलं आहे. अण्णा लहानपणी आम्हाला कामट्या बांधून पतंगाच्या कागदाचा आकाशकंदील करून द्यायचे. आता त्यांचे हात थरथरतात. ते कामट्या धरून सांगणार, नातू बांधणार आणि मी खळ लावणार. विकतचा नको, असं लेकरांनीच सांगितलं.

वडिलांना सणात काहीतरी काम द्या, हे विसरू नका. त्यांना नुसतं बाजेवर बसवून ताट हातात देऊ नका. वाती वळणं, शेंगा सोलणं, कंदिलाची दोरी बांधणं, नातवाला किल्ला करायला शिकवणं, बैलांच्या जुन्या गोष्टी सांगणं. ज्याला काम आहे त्याला आपण घरात लागतो असं वाटतं.

बसल्यावर काय बघायचं?

शेजारी बसून केलेल्या साध्या कामात माणसाची तब्येत कळते. पुढच्या गोष्टी सहज बघा, चौकशी केल्यासारखं विचारू नका.

१. डोळे. भांडं चाचपून ठेवतात का? पायरी उतरताना थांबतात का? दिव्याभोवती वर्तुळ दिसतं असं म्हणतात का? मोतीबिंदू थेंबांनी किंवा घरच्या औषधानं जात नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. तो पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं, ही जुनी समजूत आहे. डोळ्यात मध, रस असं काही घालू नका.

२. कान. हाक मारल्यावर बघत नाहीत, टीव्ही मोठ्यानं लावतात, चार जणांत गप्प बसतात. असं माणूस रागावलेलं नसतं, त्याला ऐकू येत नसतं.

३. दात आणि जेवण. चकली बाजूला सारतात का? भाकरी दुधात कुस्करून खातात का? मग त्यांच्यासाठी मऊ फराळ करा. शुगर असेल तर लाडवाचा आग्रह नको, बीपी असेल तर मिठाचं बघा. सणाच्या गडबडीत रोजची गोळी चुकू देऊ नका.

४. चाल. भिंतीला धरून चालतात का? अभ्यंगस्नानाच्या वेळी तेलकट पायानं ओल्या फरशीवर घसरून पडण्याचा धोका असतो. म्हाताऱ्या माणसाला पाटावर किंवा खुर्चीवर बसवून तेल लावा, तळपाय उटण्यानं नीट पुसा, हाताला धरून उठवा.

५. श्वास. दमा असेल तर फटाक्यांच्या धुरापासून लांब बसवा. लेकरांना आधीच समजावून सांगा.

६. मन. तेच तेच विचारतात का? ओळखीचं नाव विसरतात का? एकटे बसून राहतात का? त्यावर हसू नका. आशाताईंना किंवा उपकेंद्रात सांगा.

आणि एक, ते जुनी गोष्ट दहाव्यांदा सांगत असतील तरी ऐका. मी या वेळी अण्णांकडून त्यांच्या पहिल्या फडाची गोष्ट वहीत लिहून घेतली. आजवर मला माहीत नव्हतं की ते तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते.

सगळेच बाप सारखे नसतात

हा विषय निघाला तेव्हा एक ताई रागानं म्हणाल्या, "आमच्या बापानं दारू पिऊन आईला मारलं, जमीन विकली. त्याला कशाला ओवाळू?" त्यांचा राग खरा आहे. जिला त्रास झाला तिच्यावर प्रेमाची सक्ती कुणी करू नये, गटानं तर नाहीच. त्या बाईंनी स्वतःच पुढं सांगितलं, "जेवणाचा डबा पाठवते, दवाखान्याला नेते. पण जवळ बसवत नाही." एवढंही थोडं नाही. कुणी किती जवळ जायचं ते जिचं तिनं ठरवायचं.

आणि हेही खरं की आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात रोज दिसणारा म्हातारा बाप म्हणजे आपले सासरे असतात. आपण आपल्या वडिलांकडं दोन दिवस जातो तेव्हा नणंद तिच्या वडिलांकडं, म्हणजे आपल्या घरी येते. तिलाही त्यांच्याजवळ निवांत बसू द्या. चहा तुम्ही करा, किंवा नवऱ्याला करायला लावा.

माहिती असू द्या

• आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ सालचा आहे. सांभाळाची जबाबदारी मुलाची तशी मुलीचीही आहे.

• ६५ वर्षांवरील गरजू व्यक्तींसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. अर्जासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा.

• ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान कार्ड काढता येतं. त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचाराची सोय आहे.

• ज्येष्ठ नागरिकांसाठी मदतीचा मोफत फोन क्रमांक १४५६७ आहे.

• ज्या गावांतून टोळ्या जातात, तिथं ग्रामसंघानं मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करावी. गावात राहणाऱ्या सदस्यांनी आठवड्याला एकदा त्यांच्या घरी जाऊन औषध, धान्य आणि तब्येत बघावी. दशसूत्रीतलं आरोग्याचं सूत्र यातच येतं.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. वडिलांसोबतचा कुठला सण तुम्हाला सगळ्यात जास्त आठवतो? त्यात पैसे किती लागले होते?

२. खर्चाच्या किंवा लाजेच्या कारणानं तुम्ही कधी माहेरी जायचं टाळलं का?

३. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कुठली अडचण तुम्हाला उशिरा कळली?

४. या दिवाळीत त्यांना कुठलं काम देता येईल?

या महिन्याचा निश्चय

प्रत्येकीनं एक दिवस ठरवायचा आणि गटाच्या वहीत लिहायचा. त्या दिवशी वडिलांजवळ, सासऱ्यांजवळ, किंवा वडील नसतील तर आईजवळ, चुलत्यांजवळ, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याजवळ किमान दोन तास बसायचं. हातात काहीतरी साधं काम घ्यायचं. मोबाईल पिशवीत ठेवायचा. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की प्रत्येकीनं काय बघितलं, काय ऐकलं ते दोन वाक्यांत सांगायचं.

माझा दिवस मी लिहून ठेवला आहे. या वर्षी फराळाच्या स्टॉलवर आपल्याच दोन ताई दुपारनंतर थांबणार आहेत, तसं त्यांनी आपणहून कबूल केलं आहे. मी पाडव्याच्या सकाळच्या गाडीनं निघणार. अण्णांना फोन केला तर त्यांनी पहिल्यांदाच स्वतः उचलला. म्हणाले, "ये माय. काही आणू नको. कामट्या मी तासून ठिवल्यात."

तुमचा दिवसही लवकर ठरवा. दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक